परवानाधारक आकाशकंदील

रस्त्याकडे तोंड असलेली गॅलरी ही भाड्याच्या घरातली सगळ्यात वादग्रस्त जागा. एजंटने घर दाखवताना तिचंच कौतुक लावलं होतं. "समोर शाळा, खाली मालक. सेफ्टीच सेफ्टी, मॅडम!" समोरच्या शाळेत मतदान केंद्र असतं आणि खालचे मालक एका पक्षाचे जुने निष्ठावंत आहेत, हे मात्र त्याने सांगितलं नाही. नाशिकमध्ये एवढ्या भाड्यात एवढी गॅलरी मिळतेय म्हटल्यावर आम्हीही विचारलं नाही.

2024 ची विधानसभा नेमकी दिवाळीत आली. 15 ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आणि 20 ला मतदान. इच्छुक मंडळी हुशार. आचारसंहिता लागायच्या आधीच त्यांनी गल्लीची दिवाळी उरकून टाकली. उटण्याच्या पुडीवर भावी आमदार, पणत्यांच्या खोक्यावर भावी आमदार. एका भाऊंचे कार्यकर्ते तर आकाशकंदीलच घेऊन आले. मी "नको" म्हणेपर्यंत आमच्या कन्येने तो ताब्यात घेतला होता. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल सात वर्षांच्या मुलीची भूमिका ठाम असते.

कंदील दिसायला झकास होता, त्याबद्दल वाद नाही. चारी बाजूंना भाऊ हात जोडून उभे, वरच्या पट्टीवर गोल चौकटींत राज्यातले आणि दिल्लीतले नेते, खाली पक्षाच्या रंगाच्या झिरमिळ्या. वसुबारसेला नवऱ्याने तो गॅलरीत टांगला, दिवा लावला आणि भाऊ उजळून निघाले. गल्लीच्या टोकावरून दिसत होते.

अर्ध्या तासात खालचे मालक, म्हणजे काका, वर आले.

"ताई, हे काय?"

"आकाशकंदील, काका."

"ते दिसतंय मला. कुणाचा?"

काकांची बाजू मी समजू शकते. त्यांच्या फाटकावर त्यांच्या पक्षाचा झेंडा कायम असतो. ऊन-पावसाने तो इतका विटलाय, की आता कुठल्याही पक्षाचा म्हणून खपेल, पण काकांच्या लेखी त्याचा रंग पक्का. त्यातून महाराष्ट्रात दोन वर्षांत दोन पक्षांचे चार झालेले. रोज सकाळी कोण कुठे आहे ते पेपर वाचून कळायचं. "दूधवाला विचारतो, काका तुम्ही पण तिकडे गेलात का? इतकी वर्षं भलेभले हलले, मी हललो नाही. आणि आता फुटलो कशाने, तर वरच्या मजल्यावरच्या कंदिलाने?"

"पण काका, घर तुमचं असलं तरी गॅलरी आम्ही वापरतो ना?"

"वापरता. म्हणजे कपडे वाळत घालता."

मतं वाळत घालायची सोय अ‍ॅग्रीमेंटमध्ये नव्हती. नवऱ्याने ते रात्री बाहेर काढलं. सही करताना कोण वाचतं? एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, काका-काकू दोघांचे अंगठे, आपले दोघांचे अंगठे, कॅमेऱ्याकडे बघा, झालं. आता वाचलं तर भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत, कुत्रं पाळायचं नाही, दहानंतर मिक्सर लावायचा नाही. कंदिलाबद्दल अवाक्षर नाही. "म्हणजे मनाई नाही!" नवरा म्हणाला आणि घटनेच्या कलम 19 वर, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर, येऊन थांबला. त्याला नेमकी तेवढी दोनच कलमं पाठ आहेत. दुसरं 370.

मी जळगावला मामाला फोन लावला. मामा वकील आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याला अशिलांची फार आठवण येते.

"पहिली गोष्ट, तू भाडेकरू नाहीसच," मामा म्हणाला. "लिव्ह अँड लायसन्स ना? मग तू परवानाधारक. 1882 च्या ईझमेंट कायद्याचं, म्हणजे दुसऱ्याची जागा वापरण्याच्या हक्कांच्या कायद्याचं, कलम 52 बघ. परवान्याने जागेत तुझा हक्कबिक्क काही तयार होत नाही. एरवी जे बेकायदा ठरलं असतं, ते करायची मुभा मिळते, बस."

"म्हणजे मी इथे राहते ते एरवी बेकायदा?"

"अकरा महिने नाही. नंतर मात्र उठली नाहीस, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट पैसे."

"आणि कलम 19?"

"जा की हायकोर्टात. तारीख पडेपर्यंत तुझं अ‍ॅग्रीमेंट संपलेलं असेल."

आचारसंहितेत एक वाक्य आमच्या बाजूचं निघालं. कुणाच्याही जागेवर, इमारतीवर, कुंपणाच्या भिंतीवर त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय झेंडे-बॅनर लावायला पक्षाने आपल्या कार्यकर्त्यांना मुभा देऊ नये. पण परवानगी मालकाची की राहणाऱ्याची, यावर काका आणि नवरा जिन्यात उभं राहून अर्धा तास भांडले. शिवाय मामाच्या मते ते बंधन पक्षांना. आमचा कंदील पक्षाने लावलेला नव्हता, नवऱ्याने लावला होता.

"मग झालं तर!"

"थांब. उमेदवाराला विचारल्याशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च केलास तर न्याय संहितेचं कलम 176 लागतं. दहा हजारांपर्यंत दंड. जुन्या आयपीसीत हेच 171-एच होतं, तेव्हा पाचशे होते."

"अरे, कंदील फुकट आहे!"

"दिवा कुणाचा?"

दिवा आमचा होता. वायर आमची, वीज आमची. पण कायदा अगदीच निर्दय नाही. खर्च दहा रुपयांच्या आत असेल आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी संमती आणली, तर माफ. हे दहा रुपये इंग्रजांच्या काळापासून आहेत. दंड पाचशेचा दहा हजार झाला, दहा रुपये मात्र दहाच राहिले. दहा रुपयांत आज झिरो बल्बसुद्धा येत नाही, हे न्याय संहिता लिहिणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. भाऊंकडे जाऊन "तुमच्या चेहऱ्यामागे लावलेल्या बल्बला मंजुरी द्या" असं पत्र मागायची नवऱ्याची तयारी होती. मी जाऊ दिलं नाही. तो परत येताना दुसरा कंदील घेऊन आला असता.

मग तडजोडी सुरू झाल्या. भाऊंचं तोंड घराकडे फिरवा, असं काका म्हणाले. पण भाऊ चारी बाजूंना होते. एकाला आत वळवलं की दुसरा बाहेर. शेवटी काकू सोनेरी कागद घेऊन वर आल्या आणि त्यांनी स्वतः निगुतीने चारी बाजू मढवल्या. दिवसा कंदील अगदी देवळातला वाटायला लागला. काका खूश. संध्याकाळी दिवा लावला, तर सोनेरी कागदातून भाऊ असे काही उमटले, की आधी नुसते उमेदवार वाटत होते, ते आता अवतारी पुरुष वाटायला लागले. डोक्यामागे तेजोवलय वगैरे. समोरच्या आजींनी लांबून नमस्कार केला.

"दिवा बंद ठेवा," काका गरजले.

"लक्ष्मीपूजनाला कंदील विझलेला ठेवायचा? माझ्या घरावर?" काकू त्याहून मोठ्याने म्हणाल्या. "त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लागेल तो. तसाच."

काका खाली गेले, पण आता त्यांना सगळीकडे राजकारण दिसायला लागलं. दारातल्या रांगोळीतलं कमळ त्यांनी चपलेने थोडं पसरवून त्याचं सूर्यफूल केलं. हॉलमधलं घड्याळ खिडकीतून दिसतं, ते आतल्या भिंतीवर लावता का, असं विचारलं. आतल्या भिंतीवर खिळा नव्हता, आणि खिळे ठोकायला त्यांनीच बंदी घातलेली. त्यात 4 नोव्हेंबरला माघारी झाल्या आणि अपक्षांना चिन्हं मिळाली. आयोगाच्या मोकळ्या चिन्हांची यादी वाचली तर कळतं, की भाड्याच्या घरात निष्पक्ष असं काहीच नसतं. कपबशी, बादली, शिट्टी, गॅस सिलेंडर, शिवणयंत्र. आमच्या कुकरने तर एकाच वेळी दोन अपक्षांचा प्रचार केला असता.

शेवटचा हुकमाचा पत्ता काकांना त्यांच्या पक्षकार्यालयात मिळाला. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत निवडणुकीशी संबंधित कुठलीही खूण दिसता कामा नये. लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम 130, अडीचशे रुपये दंड. समोर शाळा! काकांनी रविवारी सकाळी प्लंबरकडून टेप मागून आणली. एक टोक शाळेच्या फाटकाशी माझ्या मुलीने धरलं, दुसरं काकांनी. टेप पंधरा मीटरची, त्यामुळे खडूच्या खुणा करत करत मोजणी चालली. गल्लीतली चार माणसं जमली. एकाने तर मेट्रो कुठून जाणार म्हणून विचारलं.

आमची गॅलरी भरली बासष्ट मीटर. काकांनी विजयी मुद्रेने वर पाहिलं.

"आजोबा," कन्या म्हणाली, "तुमचा झेंडा तर अलीकडे आहे."

फाटक अठ्ठावन्नवर होतं. काकांनी टेप गुंडाळली. आमचा कंदील त्रिपुरीनंतर रीतसर उतरला, म्हणजे मतदानाआधीच. झेंडा काकांना 19 तारखेला रात्री स्वतःच्या हाताने काढावा लागला. त्याखालची फाटकाची पट्टी मूळ हिरव्या रंगाची असल्याचं आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अ‍ॅग्रीमेंट संपल्यावर नवं केलं, त्यात दहा टक्के वाढ आणि एक नवं कलम होतं. परवानाधारकाने गॅलरीत कोणत्याही राजकीय स्वरूपाची वस्तू, प्रकाशमान अथवा अप्रकाशमान, लावू नये. एजंटने ते टाइप करताना दोनदा विचारलं, "प्रकाशमान?" काका म्हणाले, "हो. आधी तेच लिही."

मग जानेवारी 2026 मध्ये महापालिका आली. काका पुन्हा वर. या वेळी हातात गुंडाळलेला बॅनर. प्रभाग चार सदस्यांचा, म्हणून बॅनरवर चार चेहरे.

"ताई, तुमची गॅलरी रोडला आहे ना, तर म्हटलं..."

मी अ‍ॅग्रीमेंट आणून नवं कलम दाखवलं. त्यांचं म्हणणं, ते परवानाधारकाला लागू, मालकाला नाही. माझं म्हणणं, मग गॅलरीचं भाडं वळतं करा. बोलणी फिसकटली. बॅनर बरोबर घेऊन ते उतरले.

थोड्या वेळाने काकू वाटीत तिळगूळ घेऊन आल्या. दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला.

"अगं, तो भाऊंचा कंदील टाकला तर नाहीस ना?"

"माळ्यावर आहे. का हो काकू?"

"असू दे. मी गेल्या वेळी त्यालाच दिलं होतं. भला माणूस आहे." तिळगूळ माझ्या हातावर ठेवत त्या पुढे म्हणाल्या, "आणि काय गं, तेव्हा परवानगी परवानगी करत एवढी भांडलात सगळी. अ‍ॅग्रीमेंटवर माझा पण अंगठा आहे ना? मला कुणी विचारलं?"