पीएच.डी.च्या मुलाखतीला निघालात? डबा घ्या

पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा, पास झालात? अभिनंदन. निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर, निम्मे विषयावर. रात्र रात्र जागून केलेला तो सगळा अभ्यास आता गुंडाळून माळ्यावर टाका. लेखीला 70 टक्के, मुलाखतीला 30 टक्के, आणि या तिसांचा अभ्यासक्रम कुठेच छापलेला नाही. मी गेल्याच आठवड्यात देऊन आलेय, तेव्हा चार शब्द ऐकाच.

पत्रात लिहिलेलं असतं, 'सकाळी 10 वाजता उपस्थित राहावे.' हे तुमच्यासाठी. समिती साडेबाराला येते, एकमेकांचे सत्कार करते आणि जेवायला जाते. माझा नंबर 4 वाजून 35 मिनिटांनी लागला. डबा, पाणी आणि बसायला जुना पेपर न्या. खुर्च्या चार होत्या, आम्ही एकेचाळीस.

साक्षांकित प्रतींचे तीन संच सांगतात, चौथा ऐनवेळी मागतात. शंका असेल तर फाटकाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा, कार्यालयापेक्षा त्याला जास्त माहिती असते.

ड्रेस की साडी? साडी.

'पीएच.डी. कशाला करताय?' याला 'दिवे लावायला' असं उत्तर देऊ नका. 'पीएच.डी. करून काय दिवे लावणार' हे तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार 2023 च्या नागपूर अधिवेशनात विचारून गेलेत.

गावाची तयारी नीट करा. कुठले तुम्ही? म्हणजे मूळचे कुठले? नाही, म्हणजे नेमके कुठले? तिसऱ्या वेळी समजून जा.

गाईड आधीच गाठा. प्राध्यापकाकडे 8, सहयोगीकडे 6, सहायकाकडे 4 विद्यार्थी, हा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 2022 चा नियम. जागा रिकाम्या आहेत असं यादीत दिसेल. दिसू दे. मंगल कार्यालयासारखं असतं ते. बाहेर पाटी 'उपलब्ध'ची, तारीख कधीच गेलेली.

आता बायकांसाठी खास. तुमच्या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे 'लग्न झालंय का?' नाही म्हणालात, तर झाल्यावर सोडून जाल. हो म्हणालात, तर मुलं? आहेत म्हणालात, तर मग कसं जमणार. नाहीत म्हणालात, तर आता होतीलच की! बरोबर उत्तर अजून सापडलेलं नाही, त्यावरच कुणीतरी पीएच.डी. करावी. माझ्या आधी आत गेलेल्या मुलाला दोन लेकरं आहेत, धाकटं सात महिन्यांचं. त्याला विचारलं, 'पेपर कुठे छापलेत?' त्याची लेकरं आपोआप वाढत असावीत. बाईला इतरांपेक्षा दोन वर्षं जास्त मिळू शकतात, बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, हे त्याच 2022 च्या नियमांत आहे. ज्यांनी ते वाचायचे, ते मला विचारतात कसं जमणार! मला कसं जमणार ते माझी सासूही विचारत नाही हो, आणि तिला तो अधिकार तरी आहे.

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मात्र मन लावून लिहा. माझा विषय ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं आरोग्य. दोन हंगाम मी फडात फिरले. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत दुखणं अंगावर काढणाऱ्या, गर्भाशय काढून पुन्हा कोयता धरणाऱ्या बायकांशी त्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बसून बोलले. त्याची 12 पानं केली. आत गेले तेव्हा त्या 12 पानांवर चिवड्याची बशी होती. बाहेर येईपर्यंत ती तिथेच होती. मुलाखत चार मिनिटं चालली, म्हणजे मिनिटाला साडेसात गुण. गाव, लग्न, गाईड. विषयावर? एकही प्रश्न नाही.

अहो सर, लाज वाटू द्या थोडी. मी रात्रभर एसटीत बसून आले होते. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं. सीएचबीवर, म्हणजे तासांवर पैसे घेऊन, शिकवते, त्या दिवशीचे तास बुडाले, म्हणजे पैसेही बुडाले. विषय टाकाऊ असेल तर तोंडावर सांगा, पद्धत चुकली असेल तर फाडून खा मला, त्यासाठीच आले होते ना! जागा आधीच वाटून झाल्या असतील तर एकेचाळीस जणांना बोलावता कशाला? आकडा भरायला? आणि पानं वाचायची नसतील तर मागवता तरी कशाला? खाली कागद हवा असेल तर रद्दी आणून ठेवत जा.

आणि तो माझा सिनॉप्सिस परत पाठवा. तेलकट झाला असला तरी चालेल. रंगीत प्रत ती एकच होती.