‘भिंत छपरातून वर निघून राहिली’: एका ताऱ्याला आमचं उत्तर

काका, नमस्कार. नागपूरच्या प्रतापनगरातल्या डिझाइन क्लासचा मालक लिहितोय. क्लासला एकच तारा देऊन तुम्ही ऑनलाइन रिव्ह्यूत लिहिलंय, ते थोडक्यात असं आहे: दोन महिन्यांची फी भरली, घराचं थ्रीडी चित्र स्वतः काढता येईल म्हणाले. आता रामटेककडच्या प्लॉटवरचं कवेलूचं (कौलारू) घर काढायला घेतलं, तर छप्पर अर्ध्यावरच येतं, ओसरीवर फट राहते, दोन्हीकडची ‘भिंत छपरातून वर निघून राहिली’. विचारलं तर शिकवणारा मुलगा म्हणतो लॅपटॉप जुना आहे. फोन कोणी उचलत नाही. मिस्त्रीही प्रिंट पाहून हसला. फी परत द्या.

फोनचं आधी संपवतो. तुमचे दोन्ही फोन पोळ्याच्या आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशीचे आहेत. तेव्हा क्लास बंद असतो, आणि दुसऱ्या दिवशी तर आमची अर्धी पोरं मारबतीची मिरवणूक पाहायला महालात-इतवारीत असतात. पण तिसऱ्या दिवशी मिस्ड कॉल पाहून उलटा फोन करायला पाहिजे होता, तो केला नाही. ती चूक आमची.

लॅपटॉपचं सांगणं अर्धं खरं आहे. घर फिरवताना स्क्रीन मध्येच काळी पडते, ते तुमच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे असू शकतं. तो अपडेट करून पाहू. पण भिंत छपराबाहेर येण्याशी लॅपटॉपचा काडीचा संबंध नाही. नव्या कोऱ्या मशिनवरही ती तशीच आली असती. आली पण. तुमची फाइल मी रविवारी माझ्या मशिनवर उघडली आणि दोन तास तिच्याशी झटापट केली.

छप्पर अर्ध्यावर का थांबतं ते स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात सापडलं. तिथे दोन भिंती एकमेकींना लागलेल्या दिसतात, पण लागलेल्या नाहीत. झूम करत करत गेलो तेव्हा मधे ८ मिलिमीटरची फट निघाली. तुम्ही इंजिनिअरचा नकाशा खाली ठेवून त्याच्यावरून भिंती गिरवल्या, तेव्हा स्नॅप, म्हणजे रेषेचं टोक जवळच्या टोकाला आपोआप चिकटवणारी सोय, बंद होता. आपण शिकवतो ते सॉफ्टवेअर बाहेरच्या भिंतींचं कुंपण पूर्ण बंद झालंय का ते आधी पाहतं आणि मगच त्यावर छप्पर चढवतं. ८ मिलिमीटर म्हणजे करंगळीएवढंही नाही, पण त्याच्या लेखी तो उघडा दरवाजाच. भिंतीचं टोक ओढून दुसरीला चिकटवलं आणि छप्पर पुन्हा टाकलं, तर पूर्ण आलं.

ओसरीची फरशी तुम्ही घरापेक्षा ६ इंच खाली घेतलीत. चांगलं केलंत, पावसाचं पाणी आत यायचं नाही. पण भिंतीची १० फूट उंची त्या-त्या फरशीपासून मोजली जाते. फरशी उतरली तशी ओसरीची भिंत उतरली, माथाही ६ इंच खाली गेला. छप्पर मात्र घराच्या मापावर बसलं. ती फट म्हणजे हेच ६ इंच. तिथली भिंत १० फूट ६ इंच करा, काम झालं. (तुमची २ फुटांची वळचण १ फूट साडेसात इंचच भरते, तेही असंच मापाचं: ९ इंची भिंत तुम्ही मध्यरेषेवरून काढली आणि छपराने तिथूनच मोजलं.)

आता मिस्त्री का हसला ते. छपराच्या उताराच्या चौकटीत तुम्ही ३० लिहिलंय. तुमच्या मनात ३० अंश होते, शेजारच्या यादीत टक्के निवडलेलं होतं. ३० टक्के म्हणजे १० फुटांमागे ३ फूट चढ, अंशात साधारण १७. ३० अंशांना तेच आढं (छपराचा सगळ्यात वरचा कणा) १० फुटांत ५ फूट ९ इंच वर जातं. तुमचं घर २० फूट रुंद, म्हणजे आढ्यापर्यंत बरोबर १० फूट. १७ अंशांच्या पाख्यावर (छपराच्या उतरत्या बाजूवर) कवेलू चढवले तर वाऱ्यासोबतच्या पावसात पाणी उलटं कवेलूखाली शिरणार. तुमच्या मिस्त्रीने हे कोनमापक न लावता नुसत्या नजरेने ओळखलं. त्याला माझा नमस्कार सांगा.

राहिली ती छपरातून निघालेली भिंत. इथे मात्र मला लाज वाटली.

आढ्याच्या दोन्ही टोकांना छपराखाली त्रिकोणी मोकळी जागा राहते. ती बुजवायला तुम्ही तिथल्या भिंती १० फुटांच्या सरळ १३ फूट केल्या. भिंत चौकोनी, जागा त्रिकोणी. मग भिंतीचे दोन्ही कोपरे कवेलूतून वर आले. तुम्ही क्लासमध्ये विचारलंत आणि आमच्या मुलाने सांगितलं, ‘तेवढा भाग लपवून टाका, रेंडरमध्ये (शेवटच्या तयार चित्रात) दिसणार नाही.’ फाइलमध्ये तो लपवलेला भाग अजून आहे. चित्रात दिसत नाही, पण विटांच्या मोजणीत तो धरला गेलाय. एका बाजूला ३० चौरस फूट, दोन्हीकडचं ६०, ९ इंची भिंतीत ४५ घनफूट. फ्लाय अ‍ॅशच्या साडेपाचशेच्या वर विटा तुम्ही नसलेल्या भिंतीसाठी मागवल्या असत्या. असला सल्ला आमच्याकडून जायला नको होता. मुलाशी बोललोय. तो मेहनती आहे, पण त्याने आजवर फ्लॅटच फ्लॅट काढले. स्लॅबच्या घरात हा त्रिकोण येतच नाही. हेही कारणच झालं, सबब नाही.

बरोबर पद्धत अशी: भिंत निवडायची आणि तिला सांगायचं की तुझा माथा या छपराला जोड. मग ती आपोआप पाख्याच्या खालून कापली जाते, आणि उद्या उतार बदलला तरी मागोमाग बदलते. घरं काढायची इतर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठीही सांगतो: रेव्हिटमध्ये हा ‘अटॅच टॉप’. स्वीट होम थ्रीडीमध्ये भिंतीच्या दोन टोकांना वेगळी उंची देता येते, तिथे त्रिकोणी भिंत मधोमध तोडून दोन उतरत्या तुकड्यांत काढायची. स्केचअपला भिंत म्हणजे काय ते ठाऊकच नसतं, त्याच्या हिशेबी सगळे नुसते पृष्ठभाग आणि रेषा. तिथे छपराशी छेद घेऊन वरचा भाग हाताने पुसायचा. हे इतरांच्याही कामी येईल म्हणून लिहिलं.

आणखी एक, जे तुम्ही तक्रारीत लिहिलं नाही. हॉलमधून वर पाहिलं की छत झगमगतं, पट्टे नाचतात. तुम्ही खोलीला छत दिलंय आणि छपराखालचं सपाट सीलिंगही चालू ठेवलंय, दोन्ही नेमके एकाच उंचीवर. कोणतं पुढे दाखवायचं ते प्रोग्रामला ठरवता येत नाही. त्यातलं एक बंद करा.

फीबद्दल. पूर्ण परत करणार नाही, आणि ते इथे सगळ्यांसमोर सांगतो. नकाशा, खिडक्या, जिना, फर्निचर हे सगळं तुमच्या फाइलमध्ये नीट उतरलंय; जिन्याच्या पायऱ्यांचा हिशेब तर आमच्या रेग्युलर पोरांपेक्षा बरा आहे. पण छपराचे तास आम्ही ‘ऑटोमॅटिक’चं बटण दाबून उरकले हे खरं आहे. ते बटण सपाट, चौकोनी घराला चालतं. कवेलूच्या घराला आधी फरशांच्या पातळ्या, मग बंद भिंती, मग उतार, आणि भिंतींचे माथे सगळ्यात शेवटी. तुमच्या बॅचच्या सगळ्यांसाठी हे तास परत घेतोय, पैसे न घेता, येत्या दोन रविवारी सकाळी ११ ते १. ज्यांना यायचं नाही त्यांनी त्या तासांचे पैसे काउंटरवरून घेऊन जावेत. तुम्हीही.

पण तुम्ही या अशी इच्छा आहे. दुरुस्त केलेली फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली आहे, मात्र उतार मी मुद्दाम तसाच ठेवलाय, तो तुमच्या हाताने बदलायचा. लॅपटॉपचा चार्जर विसरू नका, मागच्या वेळी अर्ध्या तासात बॅटरी बसली होती. आणि जमलं तर गावाकडून एक कवेलू पिशवीत घालून आणा. एकावर एक किती चढतं ते मोजू, रिपांचं (कवेलूखालच्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर त्यावरूनच काढावं लागेल.