नकाशाच्या प्रश्नाबद्दल खुलासा

जळगाव-भुसावळकडच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाच्या पहिल्या प्रश्नात नकाशा आला तर दिसणारा प्रत्येक बदल लिहा, आणि तो का झाला तेही लिहा, नाहीतर मार्क जातात. हे चुकीचं आहे. प्रश्नातच सांगितलेलं असतं की ठळक गोष्टी निवडून मांडा आणि गरज असेल तिथे तुलना करा.

कारण तर मुळीच लिहू नका. समजा, रावेरकडच्या एखाद्या गावाचे दोन नकाशे आहेत. पूर्वेच्या केळीच्या बागेच्या जागी घरं आली, नदीवर पूल झाला, देऊळ होतं तिथेच राहिलं. एवढंच नकाशा सांगतो. ‘लोकसंख्या वाढली म्हणून’ हे आपल्या मनातलं. देऊळ जागेवरच आहे हे मात्र जरूर लिहा. न बदललेलंही महत्त्वाचं असतं, आणि आपली मुलं नेमकं तेच विसरतात.

दुसरा नकाशा पुढच्या योजनेचा असेल तर भूतकाळ वापरू नका, ‘विल बी बिल्ट’ लिहा.

किमान 150 शब्द, साधारण 20 मिनिटं. दुसऱ्या प्रश्नाला दुप्पट वजन आहे, तेव्हा इथे जास्त वेळ घालवू नका. आणि जनरल ट्रेनिंग हा या परीक्षेचा दुसरा प्रकार देणाऱ्यांनो, तुम्हाला नकाशा नसतोच, पत्र असतं.