‘पिवळ्या खोलीमुळे बाळ रडतं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज सकाळी भावाला आणि आमच्या दोन्ही रंगाऱ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवला. एक तारा देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. खोलीच्या गडद पिवळ्या रंगाने बाळ चिडचिडं झालंय, रोज तिन्हीसांजेला रडतं, निळा दिला असता तर शांत झोपलं असतं. रंगाचा वास आठवडाभर गेला नाही. पाळण्यामागच्या भिंतीला महिन्याभरात ओल फुटली. आणि जुनी खिडकी न घासता तशीच रंगवून आम्ही काम उरकलं. वास आणि ओल, दोन्हींत चूक सरळ आमची. खिडकीच्या बाबतीत नाही. आणि रंगाच्या बाबतीत आमची चूक तुम्ही म्हणता त्याहून वेगळी आहे, आणि मोठी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आमच्या डिचोलीच्या दुकानात काउंटरमागे एक तक्ता होता: ‘निळा – शांत झोप, पिवळा – आनंद, गुलाबी – माया’. तुम्ही आणि तुमची आई त्या तक्त्यासमोर उभ्या राहून रंग निवडत होता तेव्हा मी शेजारीच होते. तो तक्ता मी इकडून तिकडून ऐकलेल्यावरून करून घेतला होता. रंगाने बाळाची वृत्ती बदलते असं आम्हीच लिहिलं, त्या सल्ल्याचे वेगळे पैसेही घेतले. मग बाळ रडायला लागल्यावर तुम्ही रंगाला बोल लावलात, यात तुमचं काही चुकलं नाही. तक्ता आज उतरवला.

आता जे तेव्हाच सांगायला हवं होतं ते सांगते. तान्ह्या बाळाला सुरुवातीला बऱ्यापैकी दिसतं ते २० ते ३० सेंटीमीटरवरचं. अंगावर पिताना आईचं तोंड असतं तेवढं अंतर. पलीकडची भिंत त्याला धूसरच. रंगही हळूहळू कळू लागतात: लाल-हिरव्यातला फरक साधारण दोन महिन्यांच्या सुमारास, निळ्या-पिवळ्यातला त्याच्याही थोडा नंतर. तुमचं बाळ सात आठवड्यांचं आहे. ज्या पिवळ्यावर आपण एवढं बोलतोय तो त्याला अजून आपल्यासारखा दिसत नाही.

१९६३ साली रॉबर्ट फँट्झ या अमेरिकी संशोधकांनी जेमतेम पाच दिवसांपर्यंतच्या बाळांना वेगवेगळ्या तबकड्या दाखवल्या. काही नुसत्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या. काहींवर चेहरा, छापील अक्षरं, वर्तुळांची नक्षी. बाळं कोऱ्या रंगांपेक्षा नक्षीकडे आणि चेहऱ्याकडे जास्त वेळ बघत राहिली. म्हणून ताई, सगळी भिंत निळी करण्यापेक्षा पाळण्याला बाळापासून वीतभर अंतरावर काळ्या-पांढऱ्या आकृत्यांचं चिमणाळं बांधा, किंवा कुणबी कापडाचा लाल-पांढऱ्या चौकड्यांचा तुकडा लावा. त्यात त्याला बघण्यासारखं पुष्कळ मिळेल. मोठं झाल्यावर बाळ कुठल्या रंगाकडे जास्त टक लावतं हे मोजता येतं, पण टक लावणं म्हणजे शांत होणं नव्हे. गुलाबीचंही तसंच: १९७९ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या नौदलाच्या कोठडीत भिंती गुलाबी केल्या आणि कैदी निवळले असं सांगितलं गेलं, पुढे काटेकोर तपासणीत तो गुण दिसला नाही.

तिन्हीसांजेच्या रडण्याबद्दल लिहायला मला संकोच वाटतो, कारण रात्र रात्र जागताय तुम्ही. पण माझी दोन्ही मुलं याच वयात अशीच रडली, आणि त्यांची खोली पांढरी, चुन्याची होती. टी. बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी छापल्या. त्यात रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यांत जास्त, दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास, आणि बहुतेक संध्याकाळी. पुढे ते उतरत गेलं. ताप असेल, दूध ओढत नसेल, रडणं नेहमीपेक्षा वेगळं वाटत असेल तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

पिवळ्या रंगाने दोन त्रास खरोखर होऊ शकतात आणि ते मी तुम्हाला सांगितले नाहीत. पहिला काविळीचा. पूर्ण दिवसांच्या दहा बाळांपैकी साधारण सहांना पहिल्या आठवड्यात कातडीला पिवळेपणा येतो. पिवळ्या भिंतीवरून परतणाऱ्या उजेडात तो ओळखणं कठीण होतं. म्हणून बाळाला दिवसाच्या स्वच्छ उजेडात बघायचं असतं. बाळंतिणीच्या खोलीसाठी पिवळा मागणाऱ्या प्रत्येकाला आता मी हे आधी सांगणार. दुसरा त्रास चकाकीचा. तुमची खिडकी पश्चिमेला, आणि आम्ही चकचकीत फिनिश दिलं. उन्हं कलली की ती भिंत झळकते, आणि रात्री पांढऱ्या ट्यूबलाइटखाली तर आणखीच. तिथे जाड पडदा लावा आणि रात्री पाजायला उठाल तेव्हा छोटा, मंद, पिवळसर बल्ब वापरा. झोपेला अडथळा येतो तो दिव्याच्या प्रखर, निळसर उजेडाचा. दिवस-रात्रीची चाहूल बाळाला पहिल्या काही महिन्यांत हळूहळू लागते, आणि त्यात भिंतीच्या रंगापेक्षा उजेड-अंधार जास्त उपयोगी पडतो.

वासाबद्दल आणि ओलीबद्दल सबब सांगणार नाही. चवथीच्या आधी सगळ्या गोव्याला घर रंगवून हवं असतं. त्या गर्दीत तुमचं काम जुलैत घुसवलं. चिऱ्याची भिंत, बाहेरून पावसाचा मारा. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. भिंत आतून सुकलेली नव्हती. आमच्या रंगाऱ्याने हात लावून तसं म्हटलंही होतं, मीच पुट्टी ओढायला सांगितली. वर रंगाचा दुसरा हात दिला आणि पाचव्या दिवशी तुम्ही बाळाला घेऊन घरी आलात. एवढ्या दमट हवेत, खिडक्या बंद असताना वास जाणार कसा? कमी वासाचा रंग होता, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. बाळंतपणाच्या तारखेच्या निदान महिनाभर आधी रंग संपला पाहिजे, नाहीतर काम घ्यायचंच नाही, असं मी म्हणायला हवं होतं. काम हातचं जाईल म्हणून गप्प राहिले. माफ करा.

खिडकीचं मात्र आम्ही मुद्दाम केलं. ती तुमच्या आजोबांच्या वेळची, ऑइल पेंटचे कितीतरी थर चढलेली. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नको, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत किती शिसं असेल सांगता येत नाही. पॉलिश पेपरने कोरडं घासलं तर ती धूळ जमिनीवर बसते, आणि सहा-आठ महिन्यांचं रांगतं बाळ जमिनीवरचा हात तोंडात घालतं. शिशाने मुलांच्या मेंदूला इजा होते आणि त्याची सुरक्षित अशी मात्रा माहीत नाही. म्हणून जुना थर न उकरता ओल्या फडक्याने पुसून वरून रंग बंद केला. खिडकी खडबडीत दिसते, कबूल. पण तुम्ही उद्या सांगितलंत तरी मी ती घासू देणार नाही. हे तुमच्या आईला तिथेच समजावून सांगायचं होतं, ते राहिलं.

तुम्ही खोली लगेच निळी करून मागितली आहे. फुकट करून देईन, पण आत्ता नाही. बाळ त्या खोलीत असताना पुन्हा वास आणि धूळ नको. सल्ल्याचे म्हणून घेतलेले २५०० रुपये आज परत पाठवते. तोवर पाळणा ओलीच्या भिंतीपासून हलवा, जमल्यास दुसऱ्या खोलीत. सोमवारी भाऊ पाणी बाहेरून कुठे मुरतंय ते बघून जाईल, रंगाचा डबा आणणार नाही. डिसेंबरात तुम्ही बाळाला घेऊन सासरी जाल असं तुमच्या आई म्हणाल्या. तुम्ही निघालात की बाहेरची गळती बंद करून आतला गिलावा फोडू, भिंत पूर्ण सुकू देऊ, मग तुम्ही सांगाल त्या रंगाचे दोन हात, मॅटमध्ये. निळा हवा तर निळा. तुम्हाला तो आवडतो, एवढं कारण मला पुरे आहे.