इम्प्लांट सिमेंटने चिकटवत नाहीत हो!

सगळीकडे मेसेज फिरतोय की दाताचा इम्प्लांट (गेलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवतात तो टायटॅनियमचा स्क्रू) हाडात सिमेंटने चिकटवतात, त्यामुळे पहिल्या दिवशी घट्ट बसला की झालं, लगेच काहीही चावा. प्लीज पुढे पाठवू नका, हे चुकीचं आहे. सिमेंट वापरतात ते वरची कॅप, म्हणजे दिसणारा कृत्रिम दात बसवायला, तेही नेहमी नाही. हाडात काहीच चिकटवत नाहीत, हाड स्वतः टायटॅनियमला धरतं.

पहिल्या दिवसाची पकड म्हणजे लाकडात स्क्रू पिळल्यासारखी, नुसती दाबाची. मग शरीर स्क्रूभोवतीचं दुखावलेलं जुनं हाड खायला लागतं आणि नवीन हाड अजून कच्चं असतं, म्हणून साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पकड उलट कमी होते! दुखत नाही म्हणून माणूस बिनधास्त चावतो ते नेमकं तेव्हाच, आणि स्क्रू सारखा हलत राहिला तर हाडाऐवजी मऊ तंतुमय पेशीजाल तयार होतं, मग तो कधीच पक्का होत नाही.

स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना 1952 च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम निघेचना, तिथून हे सुरू झालं, आणि 1965 ला पहिला पेशंट. त्यांच्या जुन्या पद्धतीत वर दात बसवण्याआधी खालच्या जबड्याला तीन महिने थांबायचं, वरच्याला सहा, कारण वरचं हाड पोकळसर असतं. आता काहींना त्याच दिवशी तात्पुरते दात मिळतात, पण तेही पकड मोजून, आणि खायचं मऊच. सिगरेट, तंबाखू मात्र खरंच बंद ठेवा, हाड भरायला रक्तपुरवठा लागतो.