जिलेबीतला ‘ऐब’ आणि मधुमेहाचा ‘उपाय’

एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय: “जलेबी हा शुद्ध संस्कृत शब्द. जल म्हणजे पाणी, एब म्हणजे दोष. शरीरातल्या पाण्याचा दोष घालवते ती जलेबी. मुघलांनी ती आपली म्हणून खपवली. दह्याबरोबर खाल्ली तर मधुमेह जातो.” खाली हात जोडलेले इमोजी. परवा मावशीनं तो काकांना पाठवला. काका रोज इन्सुलिन घेतात, म्हणून हा खटाटोप.

आधी ती व्युत्पत्ती. दोष या अर्थाचा ‘ऐब’ हा शब्द अरबी आहे! शब्द संस्कृत ठरवायला निघालेल्या पंडितानं अर्धा पुरावा अरबीतून उचललाय, आणि त्याला पत्ताही नाही. शिवाय मराठीत आपण जिलेबी म्हणतो, फार तर जिलबी. त्यात जल आणायचं कुठून? मूळ शब्द अरबी ‘जलाबिया’, फारसी ‘जुलबिया’. बगदादच्या दहाव्या शतकातल्या पाकग्रंथात हा पदार्थ आहे, इराणमध्ये रमजानात आजही खातात.

मुघलांचं म्हणाल तर, त्यांनी ती आणलीही नाही. भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी जिलेबीचा इतिहास खणून काढलाय. साधारण 1450 च्या ‘प्रियंकरनृपकथा’ या जैन ग्रंथात ती आहे. बाबर आला 1526 ला. म्हणजे “मुघलांची देणगी” म्हणणारेही तोंडावर पडले. साखरेचं श्रेय मात्र संस्कृतला द्यावंच लागेल: शर्करा हा आपला शब्द फारसी-अरबीतून थेट युरोपात गेला.

आता मधुमेह. इथे मात्र हसू येत नाही. फॉरवर्ड आयुर्वेदाचा हवाला देतो, तर आयुर्वेदच उघडू. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ‘कुण्डलिनी’ची कृती आहे: नव्या मडक्याला आतून आंबट दही चोपडायचं, मैदा, दही नि तूप कालवून उन्हात आंबवायचं, मग भोकाच्या भांड्यातून गोल गोल फिरवत तापल्या तुपात सोडायचं आणि शेवटी पाकात टाकायचं. आपलीच जिलेबी. गुण काय सांगितलेत? पुष्टी, कांती, बळ. प्रमेहाचं, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगगटाचं, नावही नाही. आणि चरक? त्याच्या संहितेतल्या चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात प्रमेहाची कारणं एका श्लोकात मोजलीत: बसून राहणं, झोपा काढणं, ‘दधीनि’, ‘गुडवैकृतं च’. दही आणि गुळासाखरेचे प्रकार! चरकानं ज्या दोन गोष्टी रोगाचं कारण म्हणून लिहिल्या, त्याच एकत्र कालवून यांनी औषध केलं.

फॉरवर्डमधल्या जलोदर, अर्धशिशी, उंची वाढणं वगैरे बाकीच्या दाव्यांवर शब्द खर्च करत नाही.

मावशी, तो मेसेज काढून टाक. काकांना जिलेबी द्यायची की नाही ते त्यांच्या डॉक्टरांना विचार, आणि इन्सुलिन एक दिवसही चुकवू देऊ नकोस.