"दोन दिवस ठोका, सगळं बोलतो": सीमाभागात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हापुन्हा येतो. शब्द बदलतात, मजकूर तोच. एकामागून एक खून करणाऱ्याची पद्धत ठरलेली असते, म्हणून पोलिसांना तो लगेच कळतो. तरी सापडत नाही, कारण कर्नाटक-महाराष्ट्राची हद्द ओलांडली की त्याला कुणी हात लावत नाही. सापडलाच तर दोन दिवस ठोकायचा किंवा नार्को करायची, म्हणजे औषधाने गुंगीत नेऊन बोलतं करायचं. आणि तोवर गावात फिरणारा अनोळखी माणूस आपणच धरायचा. खाली ठरलेली ओळ: पोलीस दडवतात, पुढे पाठवा.

हे साधं अज्ञान असतं तर सोडून दिलं असतं. पण यातल्या शेवटच्या सल्ल्यापायी माणसं मेली आहेत.

आधी त्या "ठरलेल्या पद्धती"चं बघू. आपल्याच कर्नाटकातलं, दक्षिण कन्नड जिल्ह्यातलं सायनाइड मोहनचं प्रकरण घ्या. पेशाने शाळामास्तर. हुंडा न घेता लग्न करतो म्हणून मुलींना परगावी न्यायचा, दागिने लॉजच्या खोलीत ठेवायला लावायचा आणि बसस्टँडवर आणून गर्भ राहू नये म्हणून ही गोळी घे, असं सांगायचा. मुलगी स्वच्छतागृहात जाऊन गोळी घ्यायची आणि तिथंच कोसळायची. पद्धत इतकी एकसारखी असूनही हे वर्षानुवर्षं चाललं. का? पोलिसांच्या समोर खून नव्हताच. आतून कडी लावलेलं दार, अंगावर जखम नाही, जवळ नावपत्ता नाही. ठाण्यात यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची नोंद, झाली. एक म्हैसूरला, एक हासनला, एक मडिकेरीला. मिसिंगची तक्रार मात्र मुलीच्या गावच्या ठाण्यात. हे दोन कागद कधी एका टेबलावर आलेच नाहीत.

2009 मध्ये बंटवाळ भागातली एक मुलगी बेपत्ता झाली. ती परधर्मीयाबरोबर पळाली अशी आवई उठली, लोक रस्त्यावर आले. त्या दबावाखाली पोलिसांनी तिच्या फोनचे कॉल रेकॉर्ड काढले. त्यातून दुसऱ्या मुलीच्या नावावरचा नंबर मिळाला. तीही बेपत्ता. तिच्या कॉलवरून पुढचा नंबर, असं करत ते मोहनपर्यंत पोचले आणि ऑक्टोबर 2009 मध्ये त्याला अटक झाली. वीस मुलींचे खटले चालले. काहींत उच्च न्यायालयाने शिक्षा बदलली. पण मुद्दा हा की आवई साफ खोटी होती, आणि खुनी सापडला तो कॉलच्या याद्या आणि जुन्या यूडीआर फायली ओळीने लावल्यावर.

शिवाय पद्धत ठरलेली असतेच असंही नाही. कोल्हापूरच्या गावित मायलेकींचं, म्हणजे आई आणि तिच्या दोन मुलींचं, प्रकरण सीमाभागातल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. 1990 ते 1996 या काळात देवळं, बसस्टँड, गर्दीची ठिकाणं यांतून मुलं उचलली गेली, गावं वेगळी, मारण्याची तऱ्हा वेगळी. प्रत्येक ठिकाणच्या पोलिसांच्या लेखी ते एक हरवलेलं मूल होतं. नात्यातल्याच एका मुलीच्या अपहरणाची तक्रार झाली होती, तो धागा धरून 1996 मध्ये त्या पकडल्या गेल्या आणि मग बाकीचं उलगडलं.

आता हद्द. ती ओलांडली की हात लावता येत नाही, असं कायद्यात कुठंही नाही. पोलीस देशात कुठेही जाऊन आरोपीला पकडू शकतात, तिथल्या न्यायालयाकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला घेऊन जाण्याची परवानगी, घेऊन आपल्या जिल्ह्यात आणू शकतात. खुनाची फिर्याद कुठल्याही ठाण्यात द्या, झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता गुन्हा, नोंदवून ती योग्य ठाण्याला पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. 2015 मध्ये धारवाडला विचारवंत डॉ. एम. एम. कलबुर्गी आणि 2017 मध्ये बेंगळुरूला पत्रकार गौरी लंकेश यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गोळ्या आणि पुंगळ्यांवरच्या खुणा ताडून दोन्हीकडे एकच 7.65 मिमी पिस्तूल वापरल्याचा अहवाल कर्नाटकच्या प्रयोगशाळेने दिला, आणि 2018 मध्ये इथल्या एसआयटीने, म्हणजे विशेष तपास पथकाने, महाराष्ट्रातून संशयित पकडून नेले. ही प्रकरणं विकृत खुन्याची नाहीत, पण वेगवेगळ्या ठिकाणचे खून जोडायची रीत तीच.

अडचण आहे ती कागदाच्या प्रवासात, आणि ती खरी आहे. हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लजवरून संकेश्वरकडे येते. वरच्या अंगाला बेपत्ता झालेल्या बाईची तक्रार मराठीत, महाराष्ट्राच्या ठाण्यात. खाली काठाला लागलेल्या अनोळखी प्रेताचा पंचनामा कन्नडमध्ये, कर्नाटकच्या ठाण्यात. फोटो, अंगावरच्या खुणा, साडीचा रंग ही माहिती वेळेत पलीकडे गेली नाही, तर प्रेताची विल्हेवाट लागते आणि घरचे लोक वाट बघत राहतात. रागवायचंच असेल तर यावर रागवा. प्रत्येक अनोळखी प्रेताचे बोटांचे ठसे आणि डीएनए नमुना जपला का, हा प्रश्न आमदाराला विचारा.

"ठोका, बोलतो" याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे, कारण याच वाक्यावर टाळ्या पडतात. मारून माणूस बोलतो, हे खरं. काहीही बोलतो. म्हणून तर पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा धरत नाहीत. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलम 23 आहे. मुख्य अपवाद एक: आरोपीने सांगितलं आणि त्यामुळे काही नवीन सापडलं, तर तेवढाच भाग चालतो. म्हणून चांगला तपास अधिकारी कबुलीपेक्षा त्या पंचनाम्यासाठी जीव टाकतो. आरोपीचं निवेदन पंचांसमोर आधी लिहायचं, मग तो म्हणेल तिथं गाडी न्यायची, त्यानेच जागा दाखवायची, जे निघेल ते तिथल्या तिथं पाकिटात घालून लाखेचं सील, वर पंचांच्या सह्या. क्रम चुकला, वस्तू आधीच पोलिसांच्या हाती होती असं दिसलं, की त्या पुराव्यात काही राम उरत नाही.

दिल्लीजवळच्या निठारीत मुलांच्या खुनांचं काय झालं ते आठवा. 2006 मध्ये सांगाडे निघाले, देश हादरला, कबुलीही होती. ती सुमारे दोन महिने कोठडीत ठेवल्यावर घेतलेली. 2023 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सगळा पुरावा टिकत नाही म्हणून आरोपींना सोडलं. त्या लेकरांच्या आईबापांना आज कुणी सांगू शकत नाही की मारलं कुणी.

नार्कोचं उत्तर तर कर्नाटकाच्याच खटल्यात आहे. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, 2010. माणसाच्या मर्जीविरुद्ध नार्को, ब्रेन मॅपिंग, पॉलिग्राफ करता येत नाही, आणि मर्जीने केली तरी त्यातलं बोलणं पुरावा होत नाही.

तुरुंगात सडवा म्हणणाऱ्यांसाठी आपल्या दाराशीच उदाहरण आहे. बलात्कार करून खून केल्याबद्दल फाशी झालेला उमेश रेड्डी बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात होता. 2006 ते 2016 अशी दहा वर्षं त्याला कायद्यात बसत नसताना एकट्याला कोंडून ठेवलं. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्यतः याच कारणाने त्याची फाशी रद्द करून किमान तीस वर्षांची जन्मठेप दिली. गावित बहिणींची फाशी त्याच वर्षी जानेवारीत रद्द झाली, दयेचा अर्ज निकाली काढायला सरकारने लावलेल्या उशिरामुळे. यातलं काहीच आरोपींच्या हुशारीने झालेलं नाही.

उरला अनोळखी माणूस धरण्याचा सल्ला. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात बिदर जिल्ह्यात मुलांना चॉकलेट दिल्यावरून एका इंजिनिअरचा जीव घेतला. 2022 मध्ये विजापूरहून पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना जत तालुक्यात लवंग्याला झोडपलं, ते कसेबसे वाचले. जत आपल्या अथणीला लागून आहे. यातला एकही जण मुलं पळवणारा नव्हता. त्यांना मारणाऱ्यांनी मेसेज वाचला होता आणि तो खरा मानला होता.

त्या मेसेजच्या काही आवृत्त्यांत आणखी एक ओळ असते: माणूस हरवल्यावर 24 तास पोलीस तक्रार घेत नाहीत. तसा नियमच नाही. हरवलेलं मूल असेल तर अपहरण समजून थेट एफआयआर करा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. ठाण्यात जाताना अलीकडचा फोटो, मोबाइल नंबर, जमलं तर फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय नंबर, अंगावरच्या खुणा आणि शेवटचे कपडे लिहून न्या. सीमेजवळ राहत असाल तर पलीकडच्या राज्यातल्या लगतच्या ठाण्यांनाही माहिती पाठवा, असं त्याच अर्जात लिहा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.